बंद खोक्यांचं बिऱ्हाड

दूध उतू जायच्या बेतात होतं. सासूबाई घरभर चष्मा शोधत होत्या आणि तो त्यांच्याच कपाळावर होता. आमचे हे एका पायात मोजा घालून, दुसरा मीच लपवून ठेवल्यासारखे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात दार वाजलं.

वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या चौघींपैकी एक दारात उभी होती. चाळिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, आणि मनगटात बांगडी असावी तशी चिकटपट्टीची गुंडाळी.

"ताई, एक पातेलं मिळेल का? चहापुरतं."

पातेलं दिलं. आदल्या दिवशी कात्री दिली होती, त्याच्या आधी कप आणि एक उशी.

"चार बायकांच्या घरात एक पातेलं नाही?" सासूबाई आतून म्हणाल्या. "खातात काय, हवा?"

"कपाळावर आहे."

"काय?"

"चष्मा."

दुपारी पातेलं आणायला म्हणून मीच वर गेले आणि दारातच थबकले. दिवाणखान्यात भिंतीला लावून छतापर्यंत खोकी रचलेली. एकही कोपरा वाकडा नाही. प्रत्येकावर जाड अक्षरात लिहिलेलं: स्वयंपाकघर, नाजूक. अंथरुणं. पुस्तकं, जड. चौघीजणी खाली वर्तमानपत्र पसरून माझ्याच कपांतून चहा पीत होत्या, आणि सकाळी आलेली ज्याला टेकून बसली होती त्या खोक्यावर लिहिलं होतं, पातेली.

"अहो, मग हे काय आहे?" मी बोट दाखवलं.

तिनं मान वळवून पाहिलं आणि इतकी हसली की चहा सांडला. "ताई, आम्ही चौघी सामान हलवणाऱ्या कंपनीत. लोकांची घरं खोक्यांत भरायची, ट्रकमध्ये चढवायची, नव्या दारात उतरवायची. तिथं आमचं काम संपतं. उघडायचं ते ज्याचं त्यानं. आता सामान आपलंच आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही!"

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी तिचं नाव खोकेताई ठेवलं. तिला ते कळलं तेव्हा म्हणाली, "बरं झालं. कंपनीत तर नुसतं 'ए' म्हणतात."

ते वरचं घर एकटीच्या पगारात परवडणारं नव्हतं. चौघींत वाटलं तर मात्र भाडं आवाक्यात, वर प्रत्येकीला आपली खिडकी. तळमजल्यावर राहणारे मालक निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. चार वेगवेगळ्या बायकांना एक घर द्यायचं त्यांना जड जात होतं. "आधी राहून दाखवा," ते म्हणाले होते. "टिकलात तर वर्षाचा करार."

खोकेताईनं सोबतिणी निवडल्या त्या आपल्यासारख्याच. एकच काम, एकच सुट्टी, एकच पगार. जमेल असं तिला वाटलं, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. न्हाणीघरातला दिवा कोण चालू ठेवतं, एवढ्यावरून सकाळी दोघींत वाजलं आणि दुपारपर्यंत त्यातली एक जिना उतरून गेलीसुद्धा. सामान बांधलेलंच होतं ना! राग आला की खोकं उचलायचं, मध्ये विचार करायला जागाच नाही. पुढच्या आठवड्यात उरलेल्या दोघीही तशाच गेल्या.

सरांनी तिला बोलावलं. "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर माझ्या भाच्याला तिथं ऑफिस काढायचंय."

त्या दिवशी ती आमच्या ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. मी कणीक मळत होते.

"आता भावाकडे जाणार?" मी विचारलं.

"पुन्हा नाही. वहिनी वाईट नाही हो. पण पाहुणा आला की पहिली माझी खाट हलते. आधी हॉलमध्ये, मग गॅलरीत. एकदा तर माझ्या खाटेवर पाहुण्याच्या बॅगा आणि मी खुर्चीत." तिनं ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं. "लग्न मोडलं तेव्हा मी खोक्यांत बांधलेलं पहिलं घर माझंच होतं, ताई. इतकं छान बांधलं की सामान हलवायला आलेल्या माणसानं तिथंच नोकरी देऊ केली. तेव्हापासून विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आता बास. घर हेच. फक्त माणसं चुकली."

"माणसं कुठं चुकली? सगळ्या एका माळेचे मणी निघाल्या, एवढंच."

"तेच म्हणते मी." ती उठलीच. "जाहिरात देते. आणि माणसं बघायला तुम्ही बसायचं माझ्याजवळ. मी माणसं आयुष्यभर जातानाच बघितली. येतानाची मला ओळखू येत नाहीत."

मग आमचा नवाच उद्योग सुरू झाला. मी भाजी निवडायला वर घेऊन जायची, ती प्रश्न विचारायची. पगार, जात-पात, लग्न का नाही, असलं काही नाही. सगळ्यांना तिचा एकच प्रश्न.

"राग आला की तुम्ही काय करता?"

एक गोरीगोमटी, गोड बोलणारी मुलगी म्हणाली, "मला कधी रागच येत नाही." मला ती फार आवडली. खोकेताईनं तिला चहा पाजून निरोप दिला.

"अगं, एवढी शांत पोर!"

"ताई, राग न येणारी माणसं एक दिवस न सांगता जातात. मी त्यांचं सामान कितीदा उचललंय."

दवाखान्यातली एक सिस्टर म्हणाली, "मी भांडी घासते. आपटून." ती ठरली. कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेतली एक अबोल बाई खूप विचार करून म्हणाली, "त्या दिवशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगते." तीही ठरली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली एक आजी म्हणाली, "आधी रडते, मग भांडते, मग मला भूक लागते." खोकेताईनं तिच्या हातात तिथल्या तिथं बिस्किट ठेवलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सिस्टरला रात्रपाळी, ती दिवसा झोपणार. आजींचा आवाज असा की फोनची गरजच नसावी. कवळीवाल्या बाईंनी घरी आणलेले दात खिडकीत वाळत ठेवले आणि आजी किंचाळल्या, "ते माझ्याकडे बघून हसतायत!" पहिल्याच आठवड्यात सिस्टरनं भांडी आपटली, आजी रडल्या, आणि अबोल बाई आणखीच अबोल झाल्या. मला वाटलं, संपलं. खाली बसून मी जिन्यावरच्या पावलांचे आवाज ऐकत होते.

पण कुणी उतरलं नाही. कारण खोकेताईनं आधीच एक गोष्ट करून ठेवली होती. येईल तिनं पहिल्याच दिवशी सगळं सामान काढायचं, फळीवर, खुंटीवर, कपाटात लावायचं आणि रिकामी खोकी तिच्या हवाली करायची. मग खोकेताई ती पायानं चपटी करून भंगारवाल्याला देऊन टाकायची.

"आता कुणाला जायचं असेल तर आधी बाजारात जाऊन खोकं आणावं लागेल," ती मला म्हणाली. "बाजार लांब आहे. तेवढ्यात चहा होतो."

चहा झाला. दुसऱ्या दिवशी कवळीवाल्या बाईंना विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि दातांना बंद कप्पा मिळाला. आजी फोन करायला आमच्याकडे येऊ लागल्या. सासूबाईंना तर पर्वणीच; आजींच्या नातेवाइकांची भांडणं आता त्यांना आमच्या नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ आहेत.

महिनाअखेर आली. सर वर बघायला आले, मलाही साक्षीला नेलं. खुंट्यांवर चार रंगांचे टॉवेल, ओट्यावर पातेली एकात एक, सिस्टरच्या दाराला जाड पडदा. सर शाळा तपासायला आल्यासारखे हात मागे बांधून फिरले. दोनदा "हं" म्हणाले. मग खोकेताईच्या खोलीत गेले आणि दारामागे वाकून पाहू लागले.

तिथं एक खोकं होतं. नीट चिकटपट्टी मारलेलं, कोपरेसुद्धा न दुमडलेले.

"हे कुणाचं?"

तिघींनी खोकेताईकडे पाहिलं.

"माझं," खोकेताई म्हणाली.

"म्हणजे तिघी राहायला आल्यात आणि चौथी जायच्या तयारीत," सर म्हणाले. "करार चौघींचा आहे. उद्या सकाळी कागद घेऊन येतो. हे असंच असलं तर मला सही करता येणार नाही." ते कठोर बोलले नाहीत. त्यामुळे ते जास्तच लागलं.

मी खाली आले. भांडी आवरली, सासूबाईंना सगळं सांगितलं. "दुसऱ्यांची खोकी पायानं मोडते आणि स्वतःचं दारामागे?" त्या म्हणाल्या, पण नेहमीचा चिमटा त्यात नव्हता.

दार वाजलं. खोकेताई. या वेळी मनगटात चिकटपट्टी नव्हती आणि हातात आमची ती पहिल्या आठवड्यातली कात्री होती.

"परत करायला आलीस?" मी विचारलं.

"नाही. आज लागणार आहे." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "त्या खोक्यात विशेष काही नाही, ताई. चार कपडे, एक चादर, आणि माझ्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ. बाकी सगळं कुठंही ठेवता येतं. घड्याळाला खिळा ठोकावा लागतो. आणि खिळा ठोकला की निघताना भिंतीला भोक राहतं. म्हणून आजवर कुठल्याच खोलीत ठोकला नाही."

"मग?"

"आज ठोकते. सरांना विचारलं, ते म्हणाले, ठोका. हातोडी सिस्टरनं आणलीय, स्टूल आजींनी धरलंय, दातवाल्या बाईंनी जागेवर खूण केलीय. पण त्या तिघी तीन बाजूंनी तीन गोष्टी सांगतायत." तिनं कात्री या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही वर या. घड्याळ सरळ लागलंय का, तेवढं सांगा."