पत्र्याची पुढची कड

विमान कसं उडतं हे मी लोणखेड्यात बारावीच्या पोरांना वीसेक वर्षं चुकीचं शिकवलं. आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

पंख वरून फुगीर, खालून सपाट. वरच्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेला जवळचा. पण दोघींना मागच्या कडेला एकाच वेळी पोचायचं असतं, म्हणून वरची पळत सुटते, तिथला दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं. फळ्यावर दोन बाण काढले की विषय संपला. पोरं उतरवून घेत आणि मला वाटे, काय झकास शिकवतो आपण!

गेल्या वर्षी तोरणमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची मुलगी वर्गात होती. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, वर्गात तोंड न उघडणारी. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी एकेक मार्क हवा होता. सहामाहीच्या पेपरात तिने लिहिलं: ‘आमच्याकडे गाडी पाड्यापर्यंत येत नाही. छपराचे पत्रे डोक्यावरून न्यावे लागतात. बाबा पुढे, मी मागे. वाऱ्यात पुढची कड जराशी वर झाली की पत्रा आम्हाला उचलायला बघतो, म्हणून ती कड दाबून धरायची. विमानाचा पंख पुढून थोडा वर असतो. तो हवेला खाली ढकलतो, हवा त्याला वर ढकलते.’

मी शून्य दिलं. वर लाल शाईत शेरा मारला, ‘घरच्या गोष्टी नकोत, नियम लिहा.’

दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. पंखावरून धुराच्या रेषा सोडल्या होत्या. वरचा धूर खालच्याच्या कितीतरी आधी पुढे निघून गेला. कुणी कुणासाठी थांबलं नाही! वर वेग जास्त, दाब कमी, हे खरंच होतं. पण एकाच वेळी पोचायची सक्ती हवेवर कुणी केली होती? मी. आणि पंखामागे सगळी हवा खाली वळत होती, पोरीने लिहिलं होतं तशी.

सुट्टी संपल्यावर स्टाफरूममध्ये हे सांगितलं. शेजारचे सर चहा ढवळत म्हणाले, “इमान उडी ऱ्हायनं ना? मंग तुमले काय करनं शे?” विमान उडतंय ना, मग झालं, म्हणत बाकीचे हसले. माझं डोकं फिरलं, पण बोलणार कोणत्या तोंडाने? त्या चुकीच्या नोट्स माझ्याच होत्या आणि आजूबाजूच्या शाळांतही त्याच फिरत होत्या.

मुलीला बोलावलं. म्हटलं, “तुझं उत्तर बरोबर होतं. मीच चुकलो.” पेपर मागून घेतला, मार्क दिले, शेरा खोडला. वाटलं, आता तरी हसेल. ती पेपराकडे बघत राहिली.

“सर, मग मोठ्या परीक्षेत हेच लिहू?”

“हो, लिही ना.”

“तिथे पेपर तपासणारे तुमच्यासारखे असले तर?”

ती उभीच होती, घंटा झाली तरी.

शेवटी म्हणालो, “तिथे माझ्या नोट्समधलं लिही.”

“बरं सर,” म्हणाली आणि गेली.