समुद्र न पाहिलेले साडू

समुद्रावर सगळ्यात जास्त बोलणारा आणि समुद्र कधीच न बघितलेला माणूस अख्ख्या पुण्यात हुडकायचा म्हटला, तर आमच्या साडूंच्या पुढं कुणी जायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नोकरी खडकीच्या कारखान्यात, राहणं तिथल्याच क्वार्टरात आणि जीव टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये. कार्टून जुनाट, रंग उडालेलं. बाप समुद्रात हरवलाय म्हणून एक पोरगं होडी घेऊन त्याला शोधायला निघतं आणि आई किनाऱ्यावर दारात बसून वाट बघते, एवढीच गोष्ट. पण ती दर रविवारी जराजराशी पुढं सरकायची. केबल तेव्हा नवी नवी आली होती. त्यांच्या क्वार्टरात नव्हती, आमच्या मार्केट यार्डाजवळच्या खोलीत होती. त्यामुळं रविवारी सकाळी दूधवाला एक वेळ चुकेल, पण साडू चुकायचे नाहीत.

मी आठवडाभर कांद्याच्या गोण्या वाहिलेला माणूस. रविवारी पाठ टेकावी म्हटलं, तर हे बरोबर माझ्याच खाटेवर टीव्हीसमोर बसणार, आणि शेजारी आमची ही, गवार मोडत. दोघं मिळून असं बघायचे, जसं काही आपलंच पोरगं परगावी गेलंय. एकदा त्या पोराची शिदोरी लाटेनं वाहून गेली, तर साडूंनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. म्हणाले, "अक्का, पोरगं उपाशी आहे. मला कसं जाईल?" ही म्हणाली, "बरं, ते खाईपर्यंत झाकून ठेवते." पुढच्या आठवड्याला पोराला मासा घावला, तेव्हा यांनी मागच्या रविवारचे धरून दोनदा पोहे घेतले. बोलणंही तसलंच. पीएमटीची बस खड्ड्यात आदळली की म्हणायचे, "आज दर्या खवळलाय." कंडक्टर म्हणायचा, "काका, आत सरका."

एवढी हौस आहे तर पाणी तरी दाखवू म्हणून आम्ही त्यांना खडकवासल्याला नेलं. हे भिंतीला घट्ट धरून उभे. नजर पाण्याकडं, पाय रस्त्याकडं. मी म्हटलं, "काय कप्तान, कसं काय?" तर म्हणे, "हे कसलं पाणी अण्णा, याचा पलीकडचा काठ दिसतोय." ही म्हणाली, "भाऊजी, निदान पाय तरी ओले करा." तर म्हणे, "गोड्या पाण्यानं मला सर्दी होते." आणि कणीस खाऊन परत आले.

कार्टूनचा शेवटचा भाग यायचा होता, त्याच रविवारी केबलवाल्यानं ते चॅनेल काढलं आणि तिथं शेअरबाजाराचं लावलं. कोट घातलेला एक जण तावातावानं बोलतोय आणि खाली आकडे पळतायत. साडू त्या आकड्यांकडं बराच वेळ बघत बसले, पोरगं त्याखालनं वर येईल म्हणून. मग तडक केबलवाल्याकडं गेले. "मालक, त्याला काठाला तरी लागू द्यायचं होतं." केबलवाला म्हणाला, "काका, आता लोकांना शेअर बघायचेत. तुमचं कार्टून लहान पोरंपण बघत नाहीत." साडू म्हणाले, "लहान आहेत, त्यांना काय कळतंय." बाकी काही झालं नाही. हिच्या मात्र ते मनात राहिलं. भाकरी थापताना मधेच म्हणायची, "त्याची आई दारातच बसली की हो." मी म्हणायचो, "उठली असेल. चित्रातली बाई ती."

पुढं काही वर्षांनी ही गेली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसलेला, बघतोय, पण उतरत नाही. आमचा मुलगा तोवर संगणकाच्या कंपनीत लागलेला, तो म्हणाला, "आई, बाबांना एकटं ठेवणार नाही." कावळा ढिम्म. धाकट्या बहिणीनं रडत काय काय कबूल केलं. मी म्हटलं, तुझ्या पाटल्या सुनेलाच देतो, विकत नाही. तरी नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. बाईचं काय राहिलं, तेच नवऱ्याला ठाऊक नाही, यापरीस वाईट काय असतं?

तेवढ्यात साडू पुढं आले. चपला काढल्या, हात जोडले आणि घरातल्या आवाजात म्हणाले, "अक्का, पोरगं घरी पोचलं. बापाला घेऊन आलं. आई दारातच होती. आता जेवायला बसलेत."

सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले आणि कावळा उतरला.

परतताना रिक्षात मी विचारलं, "कुठं बघितलात शेवटचा भाग?"

"मी कुठं बघितला."

"मग खोटं सांगितलंत?"

"अण्णा, एवढ्या वादळांतनं निघालेलं पोरगं बुडतंय होय?"

मी रिक्षावाल्याला घराचं वळण दाखवलं. एरवी वाद घातला असता.

साडू अजून रविवारी येतात. पोहे मी करतो, ते कच्चे राहतात आणि साडू तसं सांगतातही. परवा मुलगा म्हणाला, "बाबा, ते सगळं आता कॉम्प्युटरवर मिळतं. शेवटचा भाग लावू का?" साडू माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, नको बाबा. त्यात दुसरंच काही निघालं, तर आता तिला कुठं जाऊन सांगायचं?