इगतपुरीचं धुकं शिरलेली दुर्बीण

आज दुपारी माझ्या दिरांनी माझी नवी दुर्बीण मागितली, म्हणून हे लिहावं लागतंय. ते या ग्रुपवर आहेत, वाचतीलच.

गेल्या पावसाळ्यात इगतपुरीला त्यांनी माझी जुनी दुर्बीण भिजवली. पुसून, झाकणं काढून पंख्याखाली ठेवायची सोडून ती ओल्या केसमध्येच बंद केली, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि महिन्याने परत दिली. तोवर बुरशीने आतली काच खाल्ली होती. वीस वर्षं मी तिच्यातून पक्षी पाहिले होते. भाऊजी हसले, "वहिनी, इगतपुरीचं धुकं आत शिरलं वाटतं!"

आज म्हणाले, "उद्या साहेबांना पक्षी दाखवायचेत. नवी द्या ना."

मी आतून केस आणून हातात ठेवली. इंदिरानगरला आपल्या घरी पोहोचल्यावर त्यांनी फोन केला. "अहो वहिनी, ही तर जुनीच!"

"हो. साहेबांना धुकं दाखवा."

तुम्ही नवी दिली असती का?

दिलेल्या वस्तू: जुनी दुर्बीण एक, बुरशीसकट. केस एक. प्लास्टिकची पिशवी एक, त्यांचीच. काहीही परत नको.