पार्वताबाईंची राहिलेली संध्याकाळ

आमची साधना हल्ली बोलते ती फक्त बंद पडलेल्या कामाबद्दल. मी तिची मामेबहीण, म्हणून हक्कानं म्हणते, "अगं, एक काम गेलं तर दुसरं मिळालं ना?" त्यावर ती अशी काही बघते की मीच विषय बदलते.

काम असं होतं. अमरावतीच्या एका संस्थेसाठी साधना दर्यापूरकडच्या गावांत बायकांना विचारत फिरायची: दिवसभर काय करता, कधी उठता, कधी टेकता. नियम एकच, उत्तर बाईनंच द्यायचं. आता आमच्या वऱ्हाडात ओट्यावर बसून बाईबद्दल विचारा, उत्तर नवराच देणार. तिथल्याच एका गावच्या खुशालरावांनीही दिलं. "तिले काय इचारता? ते काईच करत नाई, घरीच असते." हे म्हणत होते तेव्हा त्यांची बायको पार्वताबाई शेतात कापूस वेचत होती.

साधना उठली ती थेट शेतात. कमरेला फडकं बांधलं, पार्वताबाईंच्या शेजारची ओळ धरली आणि वेचता वेचता विचारू लागली. ही तिची नेहमीची युक्ती, हात चालू असले की बायांची तोंडं मोकळी होतात. पण पार्वताबाई लाजल्या. "माह्यं काय व? मी काई करत नाई." नवऱ्याचीच री ओढली! खोदून खोदून विचारलं तेव्हा थोडंफार निघालं. निघताना मात्र त्यांनीच तिचा हात धरला. "पुढच्या साली येशीन ना? मले आधी कोणी इचारलंच नोतं, म्हून सुचलं नाई."

"येतो ना, मावशी," साधना म्हणाली.

पुढची फेरी ठरलेलीच होती. ती झाली नाही. परदेशातून पैसा देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, इथल्यांचा कधी सैल नव्हताच. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, जगभर हेच चाललंय. मला संताप येतो तो याचा. ट्रॅक्टर मोजायला माणसं मिळतात, कापसाच्या गाठी मोजायला मिळतात. बाईचे कष्ट मोजायचे म्हटले की थैलीचं तोंड आवळतं, आणि मग तिच्या नावानं योजना निघतात त्या अंदाजपंचे दाहोदरसे.

यंदा साधनाला दुसऱ्या एका सर्व्हेत काम मिळालं, शेतांवरचे पंप मोजायचं. फिरत फिरत ती खुशालरावांच्या ओट्यावर येऊन बसली. ते पंपाचं सांगत होते, तेवढ्यात आतून पार्वताबाई आल्या. हात धुतलेले, पदर सारखा केलेला. नवऱ्यासमोर, त्याच ओट्यावर, साधनाच्या पुढ्यात बसल्या.

"आली व माय! किती वाट पायली तुही. लिव आता."

आणि सांगायलाच लागल्या. घड्याळ त्या बघत नाहीत. नळ यायच्या आधी काय, शाळेची घंटा होते तोवर काय, दुपारची एसटी जाते तेव्हा काय. सासूची आंघोळ, गोठ्यातलं शेण, निंदण, डोक्यावरचा चारा. वर्षभर स्वतःकडे बघून बघून जुळवलेला दिवस होता तो. खुशालराव ऐकतच राहिले.

साधनाच्या टॅबवर पंप किती हॉर्सपॉवरचा, हा प्रश्न उघडा होता.

"तू लिवून नाई राहिली काऊन?" पार्वताबाईंनी विचारलं.

लिहितेय म्हणून वेळ मारून नेता आली असती. साधनाला ते जमलं नाही. "मावशी, यात तुमाले इचाराचं काईच नाई. ते काम बंद पडलं."

पार्वताबाईंनी टॅबवर नजर टाकली. खुशालराव हळूच म्हणाले, "मले सांग ना मंग."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. उठल्या, पदर खोचला. "आतालोक दुपारच सांगून झाली. संध्याकाळ रायलीच हाये," त्या साधनाला म्हणाल्या. "ते आता नाई सांगत. तू मलेच इचाराले येशीन, तवा सांगीन."

साधना अजूनही त्या संस्थेत फोन लावते, काम कधी सुरू होणार म्हणून विचारते. तिला ती संध्याकाळ ऐकायची आहे.