इवाईच्या पागोट्यावरचा बेल

यंदाच्या वैशाखात बेल मी भाजले. सून म्हणाली, तुम्ही बसा, मी पाहते. मी तिला म्हटलं, तू दूध आटव, विस्तवाजवळ येऊ नको. तिला वाटलं म्हातारा चिडला. चिडलो नव्हतो. धुरात बसलं की डोळे पुसायला कारण लागत नाही, म्हणून बसलो होतो.

माझी बायको यंदाच्या थंडीत गेली. पण रडगाणं लिहायला मी कागद घेतलेला नाही. मी दुसरी बुकापर्यंत शिकलो, अक्षरं माझ्या हातून बैलासारखी अडून अडून चालतात. रडण्यासाठी एवढी मेहनत कोण करतो? मला बेलाची गोष्ट सांगायची आहे. ती सांगितली की बायकोची आपोआप सांगून होते.

ती दरेकसाची. जंगलातली, डोंगराकडची. आमचं घर फुलचूरला, धानाच्या बांध्या, सपाट मुलूख. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या गावच्या बायका तिला दरेकसावाली म्हणायच्या आणि ती झाडावर चढते का म्हणून विचारायच्या. ती सांगायची, चढतो, तुमच्यासारखी खाली उभी राहून तोंड वासत नाही. असं तिचं बोलणं. माझंही तसंच. त्यामुळे आमचा संसार भांडत भांडत मजेत झाला.

गोष्ट घडली ती तिच्या पहिल्या उन्हाळ्यात. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत नव्हतं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, तोंडावर वण राहिले होते. दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. खीर खाल्ली, मिशा पुसल्या, कळवतो म्हणाले आणि कळवलं कोणीच नाही. माय रात्रंदिवस त्याच चिंतेत. बहीण वरून हसायची, पण पाहुणे यायचे म्हटलं की तिचं जेवण कमी व्हायचं.

अशात तिसऱ्या पाहुण्यांचा निरोप आला, उद्या येतो म्हणून. बाप म्हणाला, आता खीर करायची नाही. खीर खाल्लेला पाहुणा आपल्या घरी परत येत नाही. मग करायचं काय? आतल्या खोलीत धानाच्या तणसात आंबे पिकत घातलेले, वासानं घर भरलेलं. पण अक्षय तृतीया, आमची अक्ती, चार दिवसांवर होती. अक्तीला पितरांपुढे आंबा ठेवल्याशिवाय आमच्याकडे आंब्याला कोणी दात लावत नाही. पाहुण्यालाही देत नाही.

तेव्हा बायको चुलीजवळून म्हणाली, "आमच्याकडे बेल भाजतेत."

बेल म्हणजे महादेवाचं झाड. आमच्या घरी बेलाची वाळली काडीसुद्धा चुलीत जात नसे. गोठ्यामागं मोडलेली फांदी वर्षभर पडून होती, तिला वाळवी लागली, पण बापानं ती जाळू दिली नाही. आणि ही कालची आलेली पोरगी देवाचं फळ विस्तवात टाकायचं म्हणते.

बाप म्हणाला, "महादेवाले इस्तो लावतं का वो सूनबाई?"

ती पदर सारखा करत म्हणाली, "लाकूड आमीबी जाळत नाही, मामाजी. फळ देवानं खायले देल्लं. कच्चं खाल्लं काय, भाजून खाल्लं काय."

बाप काही बोलला नाही. आमच्या बापाचं असं होतं की नाही म्हणायचं असलं तर तो ओरडायचा. गप्प राहिला म्हणजे मायनं ते हो समजायचं. फक्त एवढं ठरलं की चूल बाटवायची नाही, अंगणात चिंचेखाली वेगळा विस्तव करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोवऱ्या पेटवल्या. ज्वाळ बसू दिली, वर राख धरू दिली. बेल तिनं निवडून घेतले होते, पिवळेपणावर आलेले पण देठाला घट्ट. पूर्ण पिकलेला बेल भाजला तर पातळ होतो. मग बैल हाकायच्या तुतारीचा खिळा घेऊन प्रत्येक बेलाला देठाजवळ भोक पाडलं आणि एक एक करून निखाऱ्यात पुरला. भोकातून वाफ निघायला लागली तसा असा वास सुटला की शेजारची म्हातारी कुंपणावरून विचारून गेली, तुमच्या घरी काय होऊन राहिलं म्हणून.

भाजलेला बेल फोडायचा, आतला गर लाकडी चमच्यानं काढायचा, बिया वेचून टाकायच्या. बियांचा चिकट डिंक राहिला तर घसा धरतो. गरात गूळ कुस्करायचा, आटवून थंड केलेलं दूध घालायचं, वरून चारोळी. चारोळी तिच्या बापानं दरेकसावरून गाडीत कोणाच्या तरी हाती पाठवलेली होती. मग तेच परत बेलाच्या कवटीत भरून द्यायचं. वाटीची गरज नाही. उन्हातून आलेल्या माणसाला कवटी हातात थंड लागते, आणि खाताना धुराचा वास येतो, तो गुळात असा काही मिसळतो की काय सांगू.

पाहुणे आले. मुलाचा बाप आणि मुलाचा मामा असे दोघं येणार होते, पण वाटेत त्यांचे आणखी दोन सोयरे भेटले, तेही आले. मुलाचा बाप धिप्पाड माणूस, डोक्यावर पांढरंशुभ्र पागोटं, नवं असावं. चिंचेच्या सावलीत खाटा टाकल्या होत्या, तिथं तो बसला. विस्तव तिथून चार हातांवर. बायको आत दूध पाहायला गेलेली. मी पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालत होतो.

बापानं माणसं मोजली आणि टोपलीकडे पाहिलं. बेल कमी पडणार. सकाळपासून ज्या विस्तवाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं, तिथं तो हळूच गेला, टोपलीत न भाजता उरलेले बेल उचलले आणि निखाऱ्यात ढकलून दिले. कोणाला विचारलं नाही. सुनेला तर कसं विचारणार?

पागोटेवाला पाहुणा धानाच्या भावाबद्दल बोलत होता. पीक कसं झालं, तळ्याला पाणी किती. बाप हो हो करत होता. आणि तेवढ्यात असा आवाज झाला की गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. एक बेल फुटला होता. राख, निखारे, गर, सगळं उडालं. मामाच्या मांडीवर कवटीचा तुकडा पडला. पाहुण्याच्या मिशीला गर लागला. आणि पागोट्याच्या घडीत निखारा जाऊन बसला, तो कोणाला दिसला नाही.

बाप उभा राहून हात जोडायला लागला. म्हणाला, महादेव कोपला, आमच्या घरी हे कधी होत नाही, सुनेनं केलं. मी तांब्या हातात धरून खांबासारखा उभा. माझ्या डोक्यात एकच आलं, आता हेही पाहुणे गेले.

तेव्हा घरातून बहीण धावत आली. तिला अजून दाखवायचं होतं. नवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन आत बसवलं होतं. तिला खिडकीतून पागोट्यातला धूर दिसला. पदर कुठं, वण कुठं, काही न पाहता ती पाहुण्याजवळ गेली, दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावरचं पागोटं ओढलं आणि गुरांच्या पाण्याच्या टाक्यात बुडवलं. सुंई करून आवाज आला.

आता ज्याला आमचा मुलूख माहीत आहे त्याला हे काय झालं ते कळेल. पाहुण्याच्या पागोट्याला हात लावणं म्हणजे त्याच्या अब्रूला हात लावणं. यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. आणि इथं लग्नाच्या पोरीनं होणाऱ्या सासऱ्याचं पागोटं बैलाच्या पाण्यात घातलं. मग ती तिथंच उभी राहिली, ओल्या हातांनी, पदराविना उघड्या तोंडानं, आणि सगळे तिच्याकडे पाहत राहिले.

पाहुण्यानं डोक्यावरून हात फिरवला. टक्कल होतं, त्यावर बारकासा लाल डाग. मग मिशीचा गर बोटानं पुसला, बोट चाटलं, थोडा विचार केला.

"गोड हाय बा," म्हणाला.

मामाला अजून समजलं नव्हतं. तो म्हणाला, भाऊजी, मुलगी पाहायची राहिली. पाहुणा म्हणाला, "पाहून राहिलो ना. अजून काय पाहायचं?"

मग त्यानं विचारलं, एकच कसा फुटला, बाकीचे कसे नाही? दाराआडून बायकोचा आवाज आला. सुनेनं पाहुण्यांसमोर बोलू नये अशी रीत होती, पण तिच्यावर नाव आलेलं होतं, आणि ती दरेकसाची.

"मी घातले त्याले भोक हाय. तो मामाजीनं घातला."

पाहुणा बापाकडे वळला आणि पोट धरून हसायला लागला. म्हणाला, "काऊन हो इवाई, स्वतः फटाका लावता अन् महादेवाचं नाव सांगता?"

इवाई म्हणजे व्याही. तो शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि मायनं पदर तोंडाला लावला. बापाला मात्र आधी काही कळलंच नाही. तो आपला विस्तवातले बाकीचे बेल काठीनं बाहेर काढत होता, मागे सरकून सरकून, जणू काही नाग काढतो आहे. मी त्याच्या कानात सांगितलं तेव्हा काठी सोडून तिथंच राखेत बसला.

पाहुण्यांनी कवट्या चाटूनपुसून रिकाम्या केल्या. पागोटं चिंचेच्या फांदीवर वाळत होतं, त्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं. पुढं मुलाच्या लग्नात त्यानं तेच बांधलं, भोक समोर येईल असं. कोणी विचारलं की सांगायचा, माझ्या सुनेनं मला इथं वाचवलं. निखारा बारीक होता, पण तो सांगताना दरवर्षी मोठा होत गेला.

बाप मरेपर्यंत भाजलेला बेल खायचा, दोन दोन कवट्या. पण देवापुढे किंवा पितरांपुढे तो ठेवू द्यायचा नाही. आपल्या पोटाला चालतो, वर चालणार नाही, असा त्याचा हिशेब. बायको त्याच्या कवटीत गूळ जास्त घालायची.

तेव्हापासून बहीण दर अक्तीला बेल खायला येते. यंदाही आली. आता तीही म्हातारी, दात थोडे. साखर रेशन कार्डावर मिळते पण आम्हाला गूळच लागतो, तो सुनेनं फोडून ठेवला होता. मी तुतारीचा खिळा शोधला. तो बायकोनं कुठं ठेवला ते मला माहीत नव्हतं, सारं घर उलटं केलं, शेवटी तिच्या चारोळीच्या डब्यात मिळाला. प्रत्येक बेलाला भोक पाडलं. बहीण दूर ओसरीवर जाऊन बसली होती. म्हणाली, तू बापाचा पोरगा आहे, भरवसा नाही.

एकही फुटला नाही. अक्तीचं ताट वाढलं, आंबा ठेवला, पाण्याचं मडकं ठेवलं. यंदा पितरांत ती आहे. मी ताटाशी एक कवटी भरून ठेवली. बापही त्याच ताटावर जेवायला येणार हे मला माहीत आहे. येऊ दे. ते तो आणि त्याची सून पाहून घेतील.

बहीण जवळ येऊन कवटीत वाकून पाहत होती.

"चारोळी कमी हाय," म्हणाली. "वयनी बोलंल तुले."

मी डबा आणला आणि आणखी मूठभर टाकली.