गुरुवारच्या पोथीचे तीन रूल

घरात मोठी पूजा झाली की पुढं महिनाभर अक्षता सापडत राहतात. गादीखाली, फ्रिजमागं, एकदा तर यांच्या शर्टाच्या खिशात! कितीही झाडा, दोन-चार राहतातच. आमच्या गुरुवारच्या पोथीचे किस्सेही तसेच. आम्ही चौघी जमतो, एक अध्याय वाचतो, आरती करतो अन् आपापल्या घरी जातो. एवढ्यात घडण्यासारखं काय असतं? पण बोलायला बसलं की कुठल्या तरी कोपऱ्यातून एक निघतोच.

त्यातले निम्मे किस्से एकाच शब्दानं घडवलेत. रूल!

माझ्या माहेरी, नायगावला, हा शब्द नव्हता. तिथं नेम होता. नेम धरायचा, नेम पाळायचा, चुकला तर देवापुढं कान धरायचे. संपलं. रूल आमच्यात आणला तो नलूबाईंनी. त्या हिमायतनगरला मुख्याध्यापिका होत्या. रिटायर होऊन नांदेडला आमच्या गल्लीत राहायला आल्या. पहिल्या गुरुवारी त्यांनी चारची पोथी साडेपाचला सुरू झालेली पाहिली. दुसऱ्या गुरुवारी येताना काखेत पुठ्ठा होता. त्यावर स्केचपेननं लिहिलेले तीन रूल.

एक. चार म्हणजे चार.

दोन. अध्याय सुरू झाला की दार बंद. कुणी आत यायचं नाही, उठायचं नाही, बोलायचं नाही.

तीन. वाचणारी अडखळली तर अध्याय पुन्हा पहिल्या ओळीपासून.

"हे काहून, बाई?" गंगाक्कांनी विचारलं. गंगाक्का जळकोटकडच्या. मुलाच्या नोकरीमुळं नांदेडला आलेल्या. वाचायला न येणाऱ्या आमच्यातल्या त्या एकट्याच. कान मात्र असा, की आम्ही एखादी ओवी गाळली तर त्या आधी खाकरायच्या.

"मन ताळ्यावर राहतं त्यानं," नलूबाई म्हणाल्या.

"मग लावा की भिंतीला," गंगाक्का म्हणाल्या. "आमचं कुठं ताळ्यावर हाय!"

❖

पहिल्या रूलमध्ये पहिली सापडली शोभा. शोभा वयानं आमच्या लेकीएवढी, एका सरकारी कचेरीत नोकरीला. त्या गुरुवारी पोथी तिच्याच घरी होती. सकाळी ऑफिसला जाताना चावी माझ्याकडं देऊन गेली. "काकू, मी साडेतीनलाच येते. चौरंग तेवढा मांडून ठेवा."

आम्ही चौरंग मांडला, फुलं वाहिली. चार वाजले. शोभा नाही. नलूबाईंनी घड्याळाकडं पाहिलं, दाराला कडी घातली अन् अध्याय सुरू झाला.

शोभा आली चार वाजून सहा मिनिटांनी. आतून पोथीचा आवाज ऐकला अन् बिचारी चप्पल काढून स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसली. मांडीवर पर्स, पर्सवर हात जोडलेले. खिडकीतून दिसत होती. मला गलबलून आलं, पण बोलायची सोय कुठं होती?

तेवढ्यात दूधवाला आला. "वहिनी, चावी हरवली का?"

"नाही हो."

"मग सासूबाईंनी बाहेर काढलं का?"

"नाही हो," शोभा म्हणाली, "रूल आहे. पातेलं आत आहे, तुम्ही पण बसा!"

अन् तो बसला की! अध्याय होईपर्यंत दोघं पायरीवर. पुढं तो म्हणायचा, दूध घालता घालता एवढं पुण्य आपल्याला कुठल्याच घरी मिळालं नाही.

❖

आमचे हे पण रिटायर. पण ऑफिस अजून अंगातून गेलं नाही. यांच्या तोंडी रूल शब्दाचा अर्थ वेगळा. "अॅज अ रूल मी दुपारी झोपतो." "अॅज अ रूल मी कारलं खात नाही." म्हणजे यांना वाटेल ते! माझा नेम मोडला तर पाप लागतं, यांचा रूल मोडला तर मला ऐकून घ्यावं लागतं.

एका गुरुवारी पोथी आमच्याकडं होती. सव्वाचारला हे आतून आले. पुठ्ठ्यापुढं उभे राहिले. तीनही रूल चष्मा लावून वाचले. मग म्हणाले, "यात चहाबद्दल काहीच नाही. अॅज अ रूल मी चारला चहा घेतो."

मी वाचत होते. मान हलवण्यापलीकडं काही करता येईना.

"ठीक आहे," हे म्हणाले, "आज चहा मी करतो. सगळ्यांचाच करतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ही वेळ पहिल्यांदा आली होती, अन् मी तोंड उघडू शकत नव्हते! स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. "साखर कुठंय? ही का? ही पांढरी? ही बारीक?" मी ओव्या वाचतेय अन् मनात म्हणतेय, देवा, तो डबा नको, तो उपवासाच्या मिठाचा.

अध्याय संपला. आरती झाली. ट्रेमधून पाच कप आले. यांचा चेहरा इतका आनंदी, की कुणाला बोलवेना. शोभानं एक घोट घेतला अन् खिडकीबाहेर पाहत बसली. नलूबाईंनी औषध घ्यावं तसा घेतला.

गंगाक्कांनी मात्र पूर्ण कप संपवला. पदरानं तोंड पुसलं.

"भाऊ, लई झकास झाला," त्या म्हणाल्या. "जरासं बेसन लावलं असतं तर कढीच व्हती!"

❖

आता नलूबाईंची गंमत. आम्हाला रूल लावतात तशाच त्या स्वतःलाही लावतात. एक दिवस भाजी घेऊन स्कूटीवरून येताना, बोलण्याच्या नादात, चुकीच्या बाजूनं गेल्या. मागं मी बसलेले. चौकात ट्रॅफिकच्या पोलिसानं हात केला. चांगला उंचापुरा, मिशीवाला. जवळ आला, नलूबाईंचं तोंड पाहिलं अन् त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागं गेले.

"नमस्कार बाई. मी पाचवी ब."

"काय रूल आहे इथं?" बाईंनी विचारलं.

"वन-वे आहे, बाई."

"मी काय केलं?"

त्यानं मान खाली घातली. "काही नाही बाई. तुम्ही जा."

"काय केलं मी?"

"चुकीच्या बाजूनं आलात," तो पुटपुटला.

"मग पावती फाड."

"बाई, तुमचं नाव मी या वहीत कसं लिहू?" एवढा मोठा माणूस, पण रडवेला झाला हो! मागं गाड्या हॉर्न वाजवून राहिल्या.

"लिही," नलूबाई म्हणाल्या. "अन् अक्षर नीट काढ!"

❖

संक्रांतीनंतरची गोष्ट. गंगाक्का माझ्या दारात आल्या. "सुमन, जरा बाजारात चल माझ्यासंगं." काय घ्यायचंय, ते काही सांगेनात. वह्या-पुस्तकांच्या दुकानापुढं थांबल्या.

"एक वही द्या. रूलवाली."

रूलवाली म्हणजे आखलेली. हा शब्द त्यांच्या नातीचा, मुक्ताचा. मुक्ता पाचवीत. तिच्या शाळेत सिंगल रूल, डबल रूल, चार रेघी असे प्रकार. दुकानदारानंही तेच विचारलं, "सिंगल का डबल? लेकरू कितवीत आहे?"

"अजून शाळंत घातलं न्हाई."

"मग डबल न्या. वय काय लेकराचं?"

"बासष्ट व्हईल दिवाळीला," गंगाक्का म्हणाल्या.

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी गंगाक्कांकडं पाहिलं. त्या पेन्सिलीचं टोक बोटानं तपासत होत्या.

येताना मात्र सगळं बोलल्या. पोथी त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. आधी जावेच्या, मग सुनेच्या, आता आमच्या. आता एक अध्याय, एकच, आपल्या तोंडानं वाचायचा. तसा नेम त्यांनी धरला होता, अन् तो होईपर्यंत गोड सोडलं होतं. त्यांच्या ताटातल्या तीळगुळाला त्यांनी हात का लावला नाही, ते मला तेव्हा कळलं.

"पाठ तर तुम्हाला सगळंच आहे, अक्का," मी म्हटलं. "तसंच म्हणा की पोथी पुढं ठेवून. कुणाला काय कळतंय?"

"देवाला दिसतंय की," त्या म्हणाल्या, "बोट कुठं हाय अन् तोंड कुठं हाय!"

❖

मुक्ता मास्तरीण फार कडक निघाली. रोज एक पान. रेघ सोडून अक्षर वर-खाली गेलं की खोडरबर. आजीनं जोडाक्षर टाळून दुसराच शब्द लिहिला तर वहीत लाल शेरा, "पालकांना भेटायला पाठवा." गंगाक्कांनी तो शेरा मला दाखवला.

"आता पालक कुठून आणू गं? माझी माय, अव्वा, तर कवाच गेली."

मीच गेले पालक म्हणून! मुक्तानं मला खुर्ची दिली अन् गंभीर तोंड करून म्हणाली, "आजी हुशार आहे. पण बोलते फार."

ती पोर एकदा आमच्याकडं आली होती. शाळेत इतिहास चालू होता, कुठल्या राजाचा रूल कुठवर होता ते. यांना विचारलं, "आजोबा, तुमच्या घरात कुणाचा रूल आहे?"

हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी लक्ष्मीचा, शनिवारी मारुतीचा. रविवार तेवढा माझा. त्यात भाजी आणायची असते."

मी आतून म्हटलं, "मंगळवार-बुधवार विसरलात!"

"बघ," हे मुक्ताला म्हणाले, "हे दोन दिवस कुणाचे, ते तुला आताच कळलं."

❖

श्रावणातल्या दुसऱ्या गुरुवारी पोथी आमच्याकडं होती. गंगाक्का पावणेचारलाच आल्या. ठेवणीतलं इरकल नेसलेल्या, नवा चष्मा लावलेला. त्या दिवशी पोथीतला सगळ्यात लहान अध्याय यायचा होता. ते त्यांनी आधीच बघून ठेवलेलं.

"आज म्या वाचते," त्या म्हणाल्या अन् पोथीपुढं जाऊन बसल्या.

मला माहीत होतं, पण शोभानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. नलूबाई तर पाहतच राहिल्या. मग भिंतीकडं वळल्या, पुठ्ठा काढायला. "तिसरा रूल आज बाजूला ठेवू, अक्का."

"ऱ्हाऊ द्या तितंच," गंगाक्का म्हणाल्या.

चार वाजले. दार लागलं. गंगाक्कांनी पहिल्या ओवीवर बोट ठेवलं.

एकेक अक्षर टेकत टेकत त्या चालल्या. चौथ्या ओवीला एक जोडाक्षर आलं अन् अडकल्या. दोनदा जीभ वळवली. मग बोट उचललं, मागं नेलं, पहिली ओवी. दुसऱ्यांदा नवव्या ओवीत अडकल्या. पुन्हा पहिली. तिसऱ्यांदा परत चौथीतच! घाम पुसला, पुन्हा पहिली. ती ओवी त्यांना पाठ होती, आम्हाला ठाऊक होतं. डोळे मिटून म्हटली असती तर घडघड म्हटली असती. पण बोट ज्या अक्षरावर, त्याच्यापुढं तोंड जाईना.

नैवेद्याचा शिरा थंड झाला. हे एकदा दारातून डोकावले अन् चहाचं नाव न काढता परत गेले. मी मनातल्या मनात माझे येणारे सोळा सोमवार त्यांच्या जिभेवर ठेवले.

पाचव्यांदा बोट मागं गेलं, तेव्हा नलूबाईंना राहवलं नाही. ज्यांनी तो पुठ्ठा लिहिला त्यांनीच दुसरा रूल मोडला.

"अक्का, माफ आहे हो. वाचा तशाच पुढं!"

गंगाक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. उजव्या हाताचं बोट ओळीवर तसंच. डाव्या हाताचं ओठांवर नेलं.

"शू! अध्याय चालू हाय, बाई."

नलूबाईंनी घट्ट तोंड मिटलं अन् मांडी सारखी करून बसल्या.

सहाव्यांदा चौथी ओवी गेली. नववी गेली. पान उलटलं. शेवटून तिसऱ्या ओवीत एक लांबलचक शब्द आला अन् गंगाक्का थांबल्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोट शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरलं. मग अख्खा शब्द एका दमात बाहेर पडला, अन् त्याच्यामागून उरलेल्या दोन ओव्या पळत आल्या!

अध्याय संपला. सव्वापाच झाले होते. शोभा रडत होती, मी घंटा शोधत होते, ती माझ्याच हातात होती. आरतीनंतर मी शिऱ्याची वाटी गंगाक्कांच्या पुढं धरली. त्यांनी चमचा बाजूला ठेवला अन् बोटांनीच खाल्ला, लेकरासारखा.

नलूबाई त्यांच्याजवळ सरकून बसल्या.

"अक्का, मी तर माफ केलं होतं ना? तरी दर वेळी मेलं पहिल्यापासून कशाला?"

गंगाक्कांनी हात पुसले. पोथी रुमालात बांधली, कपाळाला लावली.

"जन्मभर माफच व्हतं की, बाई!"