पुतणीच्या अंगठीतला खडा

माझ्या पुतणीच्या अंगठीत फिकट निळ्या रंगाचा एक लहान हिरा आहे. तो माझ्या धाकट्या भावाच्या राखेपासून तयार केलेला आहे. हे कळण्यापूर्वी मी तिला त्याची किंमत विचारली, तो खरा आहे का असं विचारलं, आणि एका सोनाराकडून तो तपासूनही घेतला. तिन्ही गोष्टी एकाच दुपारी केल्या.

भाऊ गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला वारला. आमच्यापैकी कोणाकडेच व्हिसा नव्हता. माझा हातात पडला तेव्हा मे महिना उजाडला होता. मी आलो तो अस्थी न्यायला. आई पुण्यात असते, तिला आता प्रवास झेपत नाही. निघताना तिनं बजावलं होतं, "सगळ्या आण. चिमूटभरसुद्धा मागे ठेवू नकोस. अर्धा इकडे, अर्धा तिकडे, हे जिवंतपणी झालं तेवढं पुरे."

इथे अस्थी म्हणजे हाडं नसतात. बारीक, करडी पूड असते, आणि ती एका साध्या डब्यात मिळते. भावजयीनं कपाटातून तो डबा काढून टेबलावर ठेवला आणि ती कामावर गेली. डबा भरलेला नाही हे मला दिसलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही.

विमानात तो डबा तसाच न्यायचा होता, पण नाशिकला विसर्जनासाठी तांब्याचा कलश हवा, असं आईचं म्हणणं. कलश डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत मिळेल म्हणून शनिवारी पुतणीनं मला गाडीनं शिकागोला नेलं. ती जन्मापासून इथली. मराठी तिला सगळी समजते, उत्तर बहुधा इंग्रजीत येतं. स्टिअरिंगवरच्या तिच्या हातातली अंगठी मला तिथेच दिसली.

"काय गं, जावई बघून ठेवलायस की काय?"

"नो, काका." ती हसली.

"मग अंगठी कोणी दिली?"

"मीच करून घेतली."

"केवढ्याला?"

"इट्स ओके, काका."

पुण्याच्या ज्या दैनिकातून मी निवृत्त झालो, तिथे मी बरीच वर्षं अर्थपान पाहत होतो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांवर मी लिहिलेलं आहे, त्यामुळे ओळखीचे लोक अजूनही अंगठी घेण्याआधी मला फोन करतात. "लॅबचा की खरा?" हा प्रश्न माझ्या तोंडात बसलेला आहे. तो मी तिलाही विचारला.

तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "लॅब."

"तरीच," मी म्हणालो.

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एक कामगार मोठ्या गोल करवतीनं काँक्रीट कापत होता, पात्यावर पाणी पडत होतं. गाडी थांबली तेव्हा मी तिला सांगितलं की त्या पात्याच्या कडेला हिऱ्याची भुकटी असते, तीही कारखान्यातली. हिरा खरा उपयोगी पडतो तो कापायला आणि घासायला. दागिन्यात तो गेला की त्याच्यावर गोष्टी रचतात. "शेवटी कार्बन आहे तो," मी म्हणालो, "पेन्सिलीत असतो तोच. त्याच्यासाठी पैसे घालवणं म्हणजे भावनेला भुलणं."

ती म्हणाली, "ओके, काका."

कलश मिळाला. शेजारीच दागिन्यांचं दुकान होतं. बायकोनं बांगड्यांचे इथले दर बघायला सांगितले होते, म्हणून आत गेलो. काउंटरमागचा माणूस अगत्याचा होता. दर सांगून झाल्यावर मी पुतणीपुढे हात केला. "दे जरा. फसवलं तर नाही ना कोणी, बघू तरी."

तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. इथली मुलं मोठ्यांना नाही म्हणतात असं आपण म्हणतो. तिनं नाही म्हटलं नाही. अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

सोनारानं खड्याला पेनासारखं यंत्र लावलं, ते वाजलं. मग दुसऱ्या यंत्राखाली धरून तो बराच वेळ पाहत राहिला.

"हीरा तो है, अंकल. लॅब का है. थोडा ब्लू है, बोरॉन होगा. आपको बेचना है क्या?"

"बेचेंगे तो क्या मिलेगा?" मी विचारलं. विकायचा प्रश्नच नव्हता. माझ्या म्हणण्याला साक्षीदार हवा होता.

"कुछ नहीं," तो म्हणाला.

"बघ," मी तिला म्हणालो.

"काका, प्लीज. ती परत घे." आवाज लहान होता. सोनारानं तो माझ्याआधी ऐकला आणि अंगठी माझ्याकडे न देता तिच्या हातात दिली.

बाहेर फुटपाथवर मिठाईच्या दुकानासमोर तिनं मला सांगितलं. "दॅट्स बाबा. त्याच्या ॲशेसमधून केलाय. थोड्याच घेतल्या. आईला माहितीये."

माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न होता, "कुठल्या कंपनीनं?"

तिनं त्याचंही उत्तर दिलं. राखेतून कार्बन वेगळा काढतात, हिऱ्याच्या एका कणाभोवती तो प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत वाढवतात, त्याला काही महिने लागतात. हे सगळं मला माहीत होतं. माझ्याच लेखात ते होतं. लोक बाजूनं पिशव्या घेऊन जात होते. मी कलश छातीशी धरून उभा होतो आणि मला त्या मुलीकडे बघता येत नव्हतं.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "आजी म्हणेल ना, हे पण दे? नदीत टाकायला?"

आई तसंच म्हणेल हे मला ठाऊक होतं. "तिला सांगायचंच नाही," मी म्हणालो. माझ्या मते ही भरपाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. पुण्यात रात्रीचं जेवण उरकलं होतं. पुतणी टेबलाशी कॉफी घेत होती. फोन स्पीकरवर होता.

"सगळ्या घेतल्यास ना?"

"हो. सगळ्या."

"काही राहिलं नाही?"

"काही नाही."

फोन बंद झाल्यावर पुतणी म्हणाली, "तू खोटं बोललास, काका."

"तुझ्यासाठीच ना."

"नो. तुला एम्बॅरसिंग वाटतं. दुकानात पण वाटत होतं, आता पण." ती रडत नव्हती. "मला हे लपवून नकोय. ही इज नॉट अ सीक्रेट."

दुकानात मला हिऱ्याच्या स्वस्तपणाची लाज वाटली होती, नंतर माझी स्वतःची. पण आईशी बोलताना मला वाटली ती भावाची लाज होती. आपल्या माणसाचं असं काही झालं, हे आईला सांगण्याची लाज. पुतणीनं ते बरोबर ओळखलं होतं.

मी आईला परत फोन लावला, स्पीकरवरच. बातमी सांगावी तसं सांगितलं: काय केलं, कोणी केलं, कशापासून केलं. पलीकडे टीव्हीवर मालिका चालू होती. मग टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तू बघितलास?"

"बघितला."

"कसा आहे?"

लॅबचा आहे, निळसर आहे, विकला तर काही येणार नाही, एवढंच मला माहीत होतं. मी तो सोनाराच्या हातात पाहिला होता. पुतणीच्या बोटात तो नीट पाहिलाच नव्हता. आई वाट बघत होती. मी फोन पुतणीपुढे सरकवला.

"आजी," ती मराठीत म्हणाली, एकेक शब्द शोधत, "छोटा आहे. तांदळासारखा. बाहेर थंडी असली की तो लगेच गार होतो. मग मी हात खिशात ठेवते. लगेच गरम होतो."

तिनं स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

"नाही, आजी," पुतणी म्हणाली. "झोपताना पण नाही काढत."

मी उठून बाहेर अंगणात गेलो.